फ्लॅपचा दांडा आणि त्याच्या शेजारचा

चाकणचा_फिटर

पोखऱ्याच्या अपघाताचा अंतिम अहवाल परत एकदा वाचून काढला. (बायको म्हणते, रविवारी लोक क्रिकेट बघतात.) १५ जानेवारी २०२३, यति एअरलाइन्सचं एटीआर ७२, काठमांडू ते पोखरा. आत ७२ माणसं, एकही वाचलं नाही. त्यात पाच भारतीय. आतून केलेला एक व्हिडिओ तेव्हा सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. मी बघितला नाही, बघणारही नाही.

मी अडकलो ते एका अगदी छोट्या गोष्टीपाशी. उतरायच्या तयारीत विमान चालवणारी पायलट म्हणाली, फ्लॅप ३०. (फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची पट्टी, उतरताना खाली सोडतात.) शेजारी देखरेखीला बसलेल्या कॅप्टननं उत्तर दिलं, फ्लॅप ३०, आणि उतरतोय. आता ब्लॅक बॉक्स काय म्हणतो? त्या क्षणी फ्लॅप जागचे हललेच नाहीत. हलले ते दोन्ही कंडिशन लिव्हर, आणि गेले थेट फेदरवर.

ज्यांना एटीआर माहीत नाही त्यांच्यासाठी. दोन पायलटांच्या मधे जो कट्टा असतो त्यावर डावीकडे पॉवरचे दोन दांडे, त्यांच्या उजवीकडे कंडिशनचे दोन, आणि त्यांच्या शेजारी फ्लॅपचा एक. कंडिशन लिव्हर फेदरवर नेला की पंख्याची पाती वाऱ्याला आडवी न राहता धारेवर येतात. इंजिन चालूच असतं, पण ओढ शून्य. रिक्षा न्यूट्रलला टाकून रेस केल्यासारखं. पायलटनं नंतर दोनदा सांगितलं की पॉवर येत नाहीये. शेजारच्यानं कंट्रोल घेतला. पण मधल्या दोन दांड्यांकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. फ्लॅप मागितल्यापासून जमिनीवर आदळेपर्यंत जेमतेम एक मिनिट गेलं.

हे वाचताना मला १९४३ आठवलं. म्हणजे मी तेव्हा नव्हतो, पण गोष्ट आमच्या लाइनीत सगळ्यांना माहीत असते. अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं सुखरूप उतरायची, धावपट्टीवर पळत असायची, आणि मधेच पायलट चाकं आत घ्यायचा. विमान पोटावर. दरवेळी शेरा एकच, पायलटची चूक. अल्फोन्स चापानिस नावाचा एक तरुण मानसशास्त्रज्ञ तिथल्या हवाई दलाच्या प्रयोगशाळेत होता. त्यानं कॉकपिट बघितलं तर फ्लॅपचा स्विच आणि चाकांचा स्विच शेजारीशेजारी, हुबेहूब एकसारखे. उतरल्यावर फ्लॅप आत घ्यायचे असतात, हात शेजारी जायचा. आणि सी-४७ चालवणाऱ्यांकडून ही चूक होतच नव्हती, कारण त्यात रचनाच वेगळी. म्हणजे एका विमानाचे पायलट वेंधळे आणि दुसऱ्याचे हुशार, असं म्हणायचं का? त्यानं चाकांच्या स्विचला रबराचं छोटं चाक चिकटवलं, फ्लॅपच्या स्विचला पाचरीसारखा तुकडा. प्रश्न मिटला.

पुढे १९४७ मध्ये फिट्स आणि जोन्स या दोघांनी अशा ४६० ‘पायलट-चुका’ गोळा करून तपासल्या. सुमारे निम्म्या चुका एकाच जातीच्या निघाल्या: एका दांड्याऐवजी दुसरा. त्यांनी दिलेलं एक कोष्टक तर मी प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. बी-२५ मध्ये डावीकडून थ्रॉटल, प्रोपेलर, मिक्श्चर. सी-४७ मध्ये प्रोपेलर, थ्रॉटल, मिक्श्चर. सी-८२ मध्ये मिक्श्चर, थ्रॉटल, प्रोपेलर. एकच पायलट आज हे, उद्या ते चालवणार.

आता माझं. प्रेस शॉपमध्ये १९ वर्षं काढली. पूर्वीच्या एका कंपनीत (नाव नको) एका प्रेसच्या पॅनेलवर कन्व्हेयर चालू करायचं आणि रॅम (वरून दाबणारा ठोकळा) खाली आणायचं, दोन्ही बटणं हिरवी, एकाच आकाराची, मधे चार बोटांचं अंतर. थर्ड शिफ्टला पहाटे चारच्या सुमारास पोराचं बोट शेजारच्या बटणावर गेलं. डाय फुटली, सेटरच्या करंगळीचं पेर गेलं. रिपोर्टवर ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’. तीन दिवस घरी बसवलं त्याला. चौथ्या दिवशी तो परत आला तेव्हा तीच दोन हिरवी बटणं, तिथेच. पोखऱ्याचा अहवाल वाचताना मला तो पोरगा दिसत होता.

‘पायलटची चूक’ या दोन शब्दांवर फाइल बंद करणं मला पटत नाही. तुमचं काय म्हणणं?

वाटाणा_उसळ

जागा धरून ठेवतो. पॉपकॉर्न आणायला चाललोय, खडूस काका येण्याआधी.

खडूस_काका

आलो.

फिटरसाहेब, लिहिलंय झकास, पण अहवालातलं सोयीचं तेवढं उचललंत. त्याच अहवालात पुढे काय आहे? नव्याकोऱ्या विमानतळावर उतरायचा ताण, अगदी जवळून घट्ट वळण घेत केलेला अॅप्रोच, तांत्रिक प्रशिक्षणात कमी, ठरलेली कार्यपद्धती न पाळणं. उतरण्याआधीची चेकलिस्ट तोंडानं म्हटली गेली, पण फ्लॅपचा काटा बघितलाच नाही. काटा बघायला किती वेळ लागतो? एक सेकंद?

माझे वडील एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर. आंबोली, फोंडा, गगनबावडा, सगळे घाट रात्रीचे केले. गाडीतली प्रत्येक वस्तू त्यांच्या हाताला पाठ होती. तेव्हा कोणी मानसशास्त्रज्ञ येऊन नॉबला चाक चिकटवून गेला नाही. हात तयार असावा लागतो. आजकाल जरा काही झालं की डिझाइन, इंटरफेस, सिस्टिम. माणूस कुठे गेला?

हँगर_नंबर_दोन

दोघांचंही थोडं थोडं चुकतंय. मी निवृत्त विमान देखभाल अभियंता, सांताक्रूझच्या हँगरांत हयात गेली. चष्मा कपाळावर ढकलून लिहितोय, टायपो चालवून घ्या.

फिटर, चापानिसची चाकं आणि पाचर आता नियमात आहेत. प्रवासी विमानाच्या गिअर लिव्हरचं टोक चाकासारखंच असलं पाहिजे, फ्लॅपचं फ्लॅपसारखं, हे अमेरिकेच्या नियमावलीत चित्रासकट दिलंय. एटीआरच्या फ्लॅपच्या दांड्याचं टोकही तसंच चपटं. म्हणजे तुमचा १९४३ चा उपाय पोखऱ्याच्या त्या विमानात बसवलेलाच होता. तरी हात चुकला. त्याचं काय करायचं ते सांगा.

आणि काका, तो हात शिकाऊ माणसाचा नव्हता हो. देखरेखीला बसलेला कॅप्टन हा इन्स्ट्रक्टर होता, दुसऱ्या कॅप्टनला पोखऱ्याची ओळख करून देत होता. शिकवणाऱ्याचं डोकं समोरच्याच्या हाताकडे असतं, स्वतःच्या नव्हे. मी पोरांना शिकवताना स्वतः उलटा पाना लावलाय. काटा एक सेकंदात बघून होतो, खरं आहे. पण ‘फ्लॅप ३०’ असं तोंडानं म्हटलं की डोक्यात ते काम झालेलं असतं. मग डोळा काट्यावर जातो तो बघायला नाही, होकार घ्यायला.

चाकणचा_फिटर

हँगरकाका, हे मला माहीत नव्हतं. कबूल. (धागा काढायच्या आधी तुम्हाला फोन करायला हवा होता.)

पण मग प्रश्न दुसरीकडे सरकतो. आमच्याकडे रॅम खाली असताना डाय क्लॅम्प सुटूच शकत नाही, लिमिट स्विच लावलेला असतो. हवेत असताना दोन्ही पंखे एकदम फेदर करायची वेळ येते तरी कधी? तिथे इंटरलॉक का नको?

हँगर_नंबर_दोन

येते. दोन्ही इंजिनं बंद पडली तर फेदर न केलेली पाती वाऱ्याला भिंत होतात, तेव्हा फेदर करूनच तरंगत न्यावं लागतं. तुमचा लिमिट स्विच नेमका त्या दिवशी नडणार. तुमचं मशीन अडलं की लाल दिवा लागतो आणि सगळे चहाला जातात. आमचं मशीन हवेत थांबत नाही. प्रत्येक कुलूप लावताना विचारावं लागतं की हे कुलूप कोणाला कधी मारेल.

नागोयाची_निमा

मी नागोयात नऊ वर्षं आहे, त्यामुळे राहवत नाही.

६ सप्टेंबर २०११, रात्रीची वेळ. ऑल निप्पॉनचं ७३७-७००, ओकिनावाहून टोकियोला. कॅप्टन टॉयलेटहून परत आला, दारावरची बेल वाजवली. को-पायलटनं दाराचं कुलूप उघडायला मागच्या पॅनेलवरचा नॉब फिरवला. दार उघडलं नाही, म्हणून धरून ठेवला. तो नॉब दाराचा नव्हता, रडर ट्रिमचा होता, म्हणजे शेपटीचं सुकाणू एका बाजूला वळवून ठेवणारा. विमान डावीकडे कलत कलत १३१.७ अंशांपर्यंत गेलं. ९० म्हणजे पंख उभा, १३१ म्हणजे जवळजवळ उताणं. सुमारे १,९०० मीटर खाली आलं. को-पायलटनंच सावरलं. दोन हवाई सेविकांना किरकोळ लागलं, बाकी सगळे ठीक. बाहेर मिट्ट काळोख, बऱ्याच प्रवाशांना आपण उलटे झालो होतो हे कळलंही नाही म्हणे.

मला यातला महत्त्वाचा भाग पुढेच आहे. हा को-पायलट आधी ७३७-५०० चालवायचा. त्या विमानात दाराचा नॉब जिथे होता, जवळपास तिथेच ७०० मध्ये रडर ट्रिम. म्हणजे खडूस काका, हात तयार होता. चांगला तयार होता. दुसऱ्या विमानासाठी.

आमच्या इथला १९९४ चा चायना एअरलाइन्सचा अपघातही याच जातीचा. ए३००, उतरताना को-पायलटकडून नकळत गो-अराउंडचा (उतरणं सोडून परत वर जायचा) लिव्हर दाबला गेला. ऑटोपायलटला वाटलं वर जायचंय, तो शेपटीकडून नाक वर करत राहिला. पायलट नाक खाली दाबत राहिला. दोघांची कुस्ती. २७१ पैकी २६४ गेले. जोरानं दाबलं की ऑटोपायलटनं सोडून द्यावं अशी सुधारणा एअरबसनं आधीच सुचवलेली होती. त्या विमानात ती अजून बसवायची होती.

सिंहगड_रोड

पुण्याचं उदाहरण कोणी देत नाही म्हणून मीच. मे २०१०, मंगळूरच्या अपघाताला आठवडाही झाला नव्हता. दुबईहून पुण्याला येणारं एअर इंडिया एक्सप्रेसचं ७३७. कॅप्टन टॉयलेटला गेला (टॉयलेट हा या धाग्याचा खलनायक ठरतोय). को-पायलट सीट पुढे सरकवायला गेला आणि त्याच्याकडून कंट्रोल कॉलम पुढे दाबला गेला. नाक खाली, विमान सुसाट. सुमारे ७,००० फूट खाली येईपर्यंत कॅप्टन बाहेरून दार वाजवतोय, आतला घाबरून थिजलेला. शेवटी कॅप्टन इमर्जन्सी कोड टाकून आत गेला आणि सावरलं.

आमच्या शेजारचे दुबईला असतात, त्या काळात महिन्याआड याच फेरीनं यायचे. काकू अजून विमानात बसल्यावर आधी विचारते, दोघेही आहेत ना जागेवर?

वाटाणा_उसळ

सीट सरकवण्यावरून आठवलं, २०१४ मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या व्हॉयेजर विमानात कॅप्टनचा कॅमेरा साइडस्टिक (विमान चालवायची बाजूची छोटी दांडी) आणि हाताच्या टेकूमध्ये अडकला. सीट पुढे घेतली, कॅमेऱ्यानं स्टिक ढकलली, ४,४०० फूट खाली. आणि ए३५० वर चहा-कॉफी सांडून इंजिन बंद पडल्यावर मधल्या कट्ट्यावर द्रवपदार्थाला बंदी घालावी लागली. कोट्यवधी डॉलरचं विमान आणि कप ठेवायला जागा नाही!

भूलवाली_डॉक्टर

धागा विमानांचा आहे, तरी लिहिते. मी भूलतज्ज्ञ, मिरजेत.

आमच्या मशीनवर ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइड हे दोन वायू शेजारी असतात. एकाऐवजी दुसरा गेला तर काय होतं ते सांगायला नको. त्यामुळे सिलिंडर जोडायच्या जागी पिना असतात: ऑक्सिजनसाठी २ आणि ५ च्या जागी, नायट्रससाठी ३ आणि ५ च्या. चुकीचा सिलिंडर बसतच नाही, कितीही जोर लावा. ऑक्सिजनचा नॉब मोठा आणि कडेला खाचा असलेला, अंधारात बोटाला कळतो. शिवाय नायट्रस वाढवत नेलं तरी ऑक्सिजन ठरावीक प्रमाणाखाली जाऊ नये म्हणून दोन्ही नॉब आतून जोडलेले. म्हणजे चापानिसचं चाक, फिटरभाऊंचा इंटरलॉक, दोन्ही.

आणि त्याच टेबलावर, हातभर अंतरावर, एकसारख्या काचेच्या, एकसारख्या आकाराच्या अँप्युल (इंजेक्शनच्या औषधाच्या कुप्या). बारीक अक्षरं. शिकत असताना पहाटेच्या सिझरला मी चुकीची अँप्युल फोडली होती. सिरिंजमध्ये ओढलीसुद्धा. सिस्टरनं माझं मनगट धरलं, बोलली काहीच नाही, नुसती अँप्युल माझ्या डोळ्यांसमोर धरली. त्या सिस्टर आता निवृत्त झाल्या. दिवाळीला फोन करते मी त्यांना.

कॉकपिटमध्ये ते मनगट कोण धरतं, हे मला विचारायचं आहे.

सोफ्यावरचा_वैमानिक

डॉक्टर, नेमका प्रश्न विचारलात. मी फक्त सिम्युलेटरवाला, घरी जॉयस्टिक. पण याचं उत्तर एअरबसमध्ये अवघड आहे.

बोइंगमध्ये दोन्ही पायलटांसमोरचे योक (विमान चालवायचे दांडे) एकमेकांना जोडलेले. एकानं ओढला की दुसऱ्याच्या पोटाला लागतो. एअरबसच्या साइडस्टिक बाहेरच्या बाजूला, एकीचा दुसरीशी संबंध नाही. शेजारच्यानं पूर्ण मागे ओढली तरी तुमच्या हातातली ढिम्म. दोघांनी एकदम हलवल्या तर संगणक दोन्हींची बेरीज करतो. प्राधान्य घ्यायचं तर बटण दाबून धरावं लागतं.

१ जून २००९, एअर फ्रान्स ४४७, रिओहून पॅरिस. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साठला, २ वाजून १० मिनिटं ५ सेकंदांनी ऑटोपायलट सुटला. उजवीकडच्या को-पायलटनं स्टिक मागे ओढली आणि बराचसा वेळ ओढतच राहिला. विमान चढलं, वेग गेला, स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल गेली. डावीकडच्याला स्टिक दिसत नव्हती, हाताला कळत नव्हती. २ वाजून १४ मिनिटं २८ सेकंदांनी समुद्रात. २२८ माणसं. बिघाड किती वेळ होता? नळ्या मिनिटाभरात मोकळ्या झाल्या होत्या.

त्यात स्टॉलच्या इशाऱ्याची गंमत, गंमत कसली म्हणा. वेगाचा आकडा ६० नॉटच्या खाली गेला की संगणक वाऱ्याशी असलेल्या कोनाचे आकडे खोटे धरतो आणि इशारा बंद करतो. म्हणजे विमान सगळ्यात वाईट अवस्थेत असताना शांतता. आणि पायलटनं नाक खाली घेतलं, म्हणजे बरोबर तेच केलं, की वेग ६० च्या वर येऊन भोंगा सुरू. बरोबर केलं की ओरडा, चुकीचं केलं की गप्प.

डिसेंबर २०१४ च्या एअरएशिया ८५०१ मध्ये तर कॅप्टन ओरडतोय ‘पुल डाउन’. ओढ म्हणतोय की खाली म्हणतोय? साइडस्टिक ओढली की नाक वर जातं. को-पायलट ओढत राहिला. १६२.

खडूस_काका

सोफावाले, ४४७ मध्ये चार मिनिटं स्टिक ओढून धरणाऱ्याला स्टॉल म्हणजे काय हे पहिल्या आठवड्यात शिकवलेलं असतं. हे डिझाइन नाही. हे उडायला विसरणं आहे.

हँगर_नंबर_दोन

काका, तुमच्या बाजूनंही थोडं लिहितो, पण आधी बंगळूर.

१४ फेब्रुवारी १९९०. मी त्या दिवशी ड्युटीवर होतो. इंडियन एअरलाइन्सचं ६०५ दुपारी बाराच्या सुमारास मुंबईहून सुटलं. ए३२०, दोन महिनेही जुनं नव्हतं, नव्या खुर्च्यांचा वास यायचा. तासाभरानं बातमी आली ती कोणालाच खरी वाटेना. धावपट्टीच्या अलीकडे गोल्फ कोर्सवर टेकलं, उसळलं, बांधावर आदळलं. १४६ पैकी ९२ गेले.

काय झालं असावं यावर न्यायालयीन चौकशीत एक शक्यता पुढे आली. समोरच्या पट्टीवर चार गोल नॉब ओळीनं: वेग, दिशा, उंची, आणि उतरण्याचा दर. शेवटचे दोन शेजारी. मिनिटाला ७०० फूट या दरानं उतरायचं होतं. ७०० हा आकडा बहुधा शेजारच्या, उंचीच्या नॉबवर लावला गेला. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे २,९०० फुटांवर. ७०० फूट म्हणजे जमिनीच्या पोटात. विमान इमानदारीनं तिकडे निघालं, इंजिनं आयडलवर (सगळ्यात कमी जोरावर) टाकून. वेग हवा होता १३२ नॉट, उतरत गेला १०६ पर्यंत.

एअरबसमध्ये ऑटोथ्रस्ट (इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) चालू असताना थ्रस्ट लिव्हर जागचे हलत नाहीत. इंजिन आयडलला गेलं तरी दांडा तिथेच. जुन्या विमानांत दांडा स्वतः मागे सरकायचा, हाताला कळायचं. जुन्या बोइंगवरून आलेल्या लोकांचे हात ती खूण शोधत राहिले असतील, असं मला आजही वाटतं. हे माझं मत, चौकशीचं नाही.

दोन वर्षांनी, २० जानेवारी १९९२, स्ट्रासबुर्गजवळ एअर इंटरचं ए३२० डोंगरावर गेलं, ८७ मृत्यू. तिथे तर नॉबही एकच, खिडकीही एकच. एका मोडमध्ये उणे ३.३ म्हणजे ३.३ अंशांचा उतार. दुसऱ्या मोडमध्ये उणे ३३ म्हणजे मिनिटाला ३,३०० फूट. फरक एका टिंबाचा. नंतर मिनिटाचा दर पूर्ण चार आकड्यांत दाखवायला लागले.

आता काकांची बाजू. लिव्हर हलले, योक जोडले की सुटलो का? ६ जुलै २०१३, सॅन फ्रान्सिस्को, एशियाना २१४. बोइंग ७७७, हलणारे लिव्हर, जोडलेले योक, कॉकपिटात तीन पायलट, आभाळ निरभ्र. एका मोडमुळे ऑटोथ्रॉटल ‘होल्ड’वर जाऊन बसला, म्हणजे वेग सांभाळणं थांबलं. सगळे धरून चाललेत की वेग तो सांभाळतोय. १३७ हवा तिथे १०३. दांडे डोळ्यांसमोर मागे होते. तिघांपैकी कोणी हात लावून बघितला नाही, बघितला तेव्हा उशीर झाला होता. तीन प्रवासी गेले. तेव्हा डिझाइनचा झेंडा घेऊन नाचणाऱ्यांनीही जरा दमानं.

डॉक्टर, मनगटाबद्दल. ८ जानेवारी १९८९, इंग्लंडात केगवर्थ. ७३७-४०० चं डावं इंजिन फाटलं, पायलटांनी उजवं बंद केलं. कंपनं दाखवणारे काटे नव्या पॅनेलवर इतके बारीक की नजरेत भरत नव्हते, आणि जुन्या विमानांवरच्या त्या काट्यांवर कोणी विश्वासही ठेवत नसे. कॅप्टननं घोषणा केली की उजव्या इंजिनात गडबड होती, बंद केलंय. मागे बसलेल्या लोकांनी डाव्या इंजिनातून ठिणग्या उडताना बघितल्या होत्या. कोणी बोललं नाही. कॅप्टनला माहीत असेल ना, आपण कोण सांगणार. ४७ गेले. मनगट धरणारे भरपूर होते.

भूलवाली_डॉक्टर

(रिकामा प्रतिसाद टाकणार होते. वाचलं एवढं सांगते.)

उगाच_एक_शंका

सगळे गोल गोल फिरताय. अहमदाबादबद्दल बोला ना. १२ जून २०२५. फ्युएल स्विच आपोआप पडतात का?

चाकणचा_फिटर

मला भीती होतीच. त्यावर वेगळा धागा आहे आणि तिथे काय चाललंय ते बघवत नाही. दोन्ही वैमानिकांची घरं आहेत, घरात माणसं आहेत.

हँगर_नंबर_दोन

प्राथमिक अहवालात आहे तेवढंच सांगतो. उड्डाणानंतर दोन्ही फ्युएल स्विच एकापाठोपाठ, सेकंदाच्या अंतरानं, रनवरून (चालू) कटऑफला (बंद) गेल्याची नोंद. एकानं दुसऱ्याला विचारलं, कटऑफ का केलंस. दुसरा म्हणाला, मी नाही केलं. कोण काय म्हणालं हे त्यात नाही. तो स्विच वर उचलून, खाचेवरून पलीकडे न्यावा लागतो. ती खाच नीट धरत नसल्याच्या तक्रारींवर अमेरिकेच्या एफएएनं (तिथली विमान नियामक संस्था) २०१८ मध्ये सूचना काढली होती, सक्ती नव्हती. यापुढे मी अंदाजाचा एक शब्द लिहिणार नाही.

हात चुकून फ्युएल स्विचवर जाणं मात्र इतिहासात आहे, म्हणून सांगतो. १९८७, लॉस एंजेलिसहून निघालेलं डेल्टाचं ७६७. पायलटला इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचे स्विच हलवायचे होते, हात फ्युएलवर गेला, दोन्ही इंजिनं बंद. समुद्रापासून काहीशे फुटांवर परत चालू झाली. त्यानंतर त्या जागेची रचना बदलायला लावली. याचा अहमदाबादशी संबंध जोडू नका, मी जोडत नाही.

उगाच_एक_शंका

बरं.

नागोयाची_निमा

हँगरकाका, एक विचारू? गिअरच्या दांड्याला चाक असतं म्हणालात. खरंच चाक?

हँगर_नंबर_दोन

खरंच. लहान, गोल, खेळण्यातल्या ट्रकच्या चाकाएवढं म्हणा. वर्षानुवर्षं हात लागून लागून गुळगुळीत झालेलं असतं. माझी नात एकदा हँगर बघायला आली होती, तिनं कॉकपिटमध्ये दुसऱ्या कशालाच हात लावला नाही. ते चाक फिरतंय का बघत बसली. फिरत नाही.

खडूस_काका

काल रात्री वडिलांना फोन केला. ८१ वर्षांचे आहेत, कानाला कमी येतं, त्यामुळे अर्धी गल्ली हा धागा ऐकून आहे.

म्हटलं, तुमचा कधी चुकीच्या बटणावर हात गेला का? आधी म्हणाले, नाही. मग थोड्या वेळानं त्यांनीच फोन केला. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा आणि वायपरचा नॉब शेजारीशेजारी असायचा, दोन्ही काळे, दोन्ही ओढायचे आणि दाबायचे. आंबोलीत पावसाळी रात्र, काच धूसर झाली म्हणून वायपरला हात घातला आणि हेडलाइट बंद केले. वळणावर. दोन-तीन सेकंद. कंडक्टर ओरडला. गाडीत चाळीस-पंचेचाळीस माणसं होती, एकाला कळलं नाही. घरी आजवर सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डेपोतून सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेतला आणि हेडलाइटच्या नॉबवर गुंडाळला. मग बदलून कुठलीही गाडी मिळाली की आधी ट्यूब गुंडाळायचे, ड्युटी संपली की काढून खिशात. ‘दुसऱ्याच्या गाडीत आपली खूण कशाला ठेवायची’ म्हणाले.

हे कोणाच्या बाजूचं उदाहरण आहे ते मला कळतंय. उगाच खाली +१ टाकत बसू नका.

चाकणचा_फिटर

+१

वाटाणा_उसळ

+१

भूलवाली_डॉक्टर

+१. आजोबांना नमस्कार सांगा.